पहारेकरी बोलत का नाही?

रात्रीचा पहारेकरी दर तासाला ठोके देतो, तेव्हा आपण निर्धास्त झोपतो. पण एखाद्या रात्री ठोके ऐकूच आले नाहीत तर? चोर आला असेल, पहारेकऱ्याला डुलकी लागली असेल, किंवा वारा उलट्या दिशेने वाहत असल्याने आवाज आपल्यापर्यंत पोचला नसेल. कारणे तीन, पण आपल्याला कळते ते एकच : शांतता.

मोठ्या संगणकांची देखभाल करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न रोज उभा राहतो. बँका, रुग्णालये, रेल्वे आरक्षण अशा ठिकाणी रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांना सर्व्हर म्हणतात. यांतील पुष्कळसे 1991 साली जन्मलेल्या लिनक्स या प्रणालीवर चालतात. सर्व्हरची डिस्क भरत आली किंवा जाळ्यावरील वाहतूक अचानक वाढली, तर ते वेळीच कळायला हवे. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर पडद्याआड एक कार्यक्रम सतत जागा असतो. अशा कार्यक्रमाला ‘डेमन’ म्हणतात. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1867 साली एक काल्पनिक प्राणी कल्पिला होता. तो न थकता वायूचे वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करीत असे. पुढे 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटीच्या संगणकतज्ज्ञांनी त्याच्यावरूनच हे नाव उचलले.

आपला आजचा पहारेकरी आहे ‘एसएनएमपीडी’. शेवटचा ‘डी’ डेमनचा. 1988 साली ठरलेल्या एसएनएमपी या नियमावलीनुसार तो प्रश्नांना उत्तरे देतो. मध्यवर्ती संगणक दर काही मिनिटांनी त्याला विचारतो, “डिस्क किती भरली?” प्रश्नासोबत परवलीचा शब्दही पाठवतो. पहारेकरी 161 क्रमांकाच्या दारावर बसून ऐकत असतो.

आता समजा, एका सकाळी मध्यवर्ती संगणकाच्या पडद्यावर अक्षरे उमटली : ‘टाइमआउट’. म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. बिघाड कुठे आहे?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे प्रश्न साध्या पोस्टकार्डासारखे जातात, पोचपावती येत नाही. शिवाय या नियमावलीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द चुकला, तर पहारेकरी “चूक” असेही म्हणत नाही, गप्प राहतो. म्हणून डेमन बंद पडला, वाटेत अडथळा आला किंवा शब्द चुकला, तरी लक्षण बहुधा एकच दिसते. एकाच तापामागे निरनिराळे रोग असावेत, तसे. अशा वेळी अंदाजाने औषध देऊ नये. प्रत्येक चाचणीने एकेक शक्यता बाद करीत जावे.

पुष्कळजण प्रथम ‘पिंग’ करून पाहतात. माइक म्यूस यांनी 1983 साली लिहिलेला हा छोटा कार्यक्रम दुसऱ्या संगणकाला हाक मारतो. ओ आली, तर वाट चालू आहे एवढे कळते. पण ती ओ लिनक्सचा गाभा देतो, आपला पहारेकरी नव्हे! घरातून आवाज आला म्हणून पहारेकरी जागा आहे, असे सिद्ध होत नाही.

म्हणून पहिली चाचणी अशी : त्याच सर्व्हरवर बसून तोच प्रश्न तोच परवलीचा शब्द देऊन विचारावा. प्रत्येक संगणक 127.0.0.1 या पत्त्याने स्वतःलाच हाक मारू शकतो. उत्तर आले नाही, तर दोष घरातच आहे. डेमन चालू आहे का ते पाहावे आणि त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. तेथे ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाची ओळ असेल, तर दुसराच कोणी कार्यक्रम, बहुधा त्याच डेमनची जुनी प्रत, 161 क्रमांकाच्या दारावर ठाण मांडून बसला आहे असे समजावे.

उत्तर आले, तर एका फटक्यात दोन शंका फिटल्या : डेमन जिवंत आहे आणि शब्दही बरोबर आहे. आता तो कोणत्या पत्त्यावर ऐकतो ते ‘एसएस’ या आज्ञेने पाहावे. तेथे केवळ 127.0.0.1 दिसले, तर चोर सापडला! पहारेकरी फक्त घरातल्यांचे ऐकतो आहे. डेबियन लिनक्सवर सुरक्षिततेसाठी तो मुळातच असा बसवलेला असतो. मांडणीच्या फाइलीत सर्व्हरचा जाळ्यावरील पत्ता लिहून डेमन पुन्हा सुरू केला, की काम झाले.

पत्ताही ठीक असेल, तर ‘टीसीपीडंप’ने पोस्टकार्ड दारापर्यंत येते का ते पाहावे. येतच नसेल, तर अडथळा वाटेत आहे. येत असून उत्तर जात नसेल, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल तपासावी. तसेच तो परवलीचा शब्द ठराविक पत्त्यांवरूनच चालेल असे बंधन फाइलीत आहे का, तेही पाहावे.

या ठिकाणी एक मोह होतो : सर्व बंधने काढून टाकावीत, म्हणजे चालेल. तसे कधीही करू नये. त्या पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावरच लिहिलेला असतो, तो वाटेत कोणीही वाचू शकतो. दार उघडायचे ते मध्यवर्ती संगणकापुरतेच. तिसऱ्या आवृत्तीत मजकूर गुप्त लिपीत पाठवता येतो, तिचा वापर अधिक चांगला.

आणि सर्वात महत्त्वाचे : ‘उत्तर नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा कधीच घेऊ नये. ज्या रात्री पहारेकरी गप्प असतो, त्याच रात्री डिस्क भरत असेल, तर सकाळी रुग्णालयाची नोंदणी खिडकी बंद पडते. म्हणून शांतता हीसुद्धा धोक्याची घंटाच मानावी.

शाळेच्या संगणकखोलीत लिनक्स असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने 127.0.0.1 ला पिंग करून पाहा. मग संगणकाची जाळ्याची तार काढा आणि पुन्हा करा. उत्तर आले का? का आले, याचा विचार करा. वरील पहिली चाचणी तुम्हाला पूर्ण समजली की नाही, ते त्यावरून कळेल.