कौटुंबिक दावा आणि वकिलाची निवड

पोटगी, वाटणी, वारसा अथवा अज्ञान मुलांचा ताबा असा प्रश्न उद्भवला की अनेक कुटुंबे कोणाच्या तरी सांगण्यावरून वकील गाठतात. न वाचताच वकीलपत्रावर सही होते, मूळ कागद हवाली केले जातात आणि पुढील तारीखही पक्षकारास ठाऊक नसते. खेड्यात अशा वेळी सल्ला विचारला जातो तो शिक्षकांना व पंचायत सदस्यांना. म्हणून काही बाबी त्यांना ज्ञात असणे अगत्याचे आहे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये वकिलाचे नाव राज्य वकील परिषदेच्या नामावलीत असावे लागते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. अशी प्रकरणे पूर्वी चालविली आहेत काय, तडजोडीस वाव आहे काय, शुल्क किती व केव्हा द्यावयाचे, हे आरंभीच ठरवावे आणि पावती घ्यावी. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरविण्यास वकिलांना नियमाने मनाई आहे. निकालाची हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार त्या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नव्हे. तेथे समेटाचा प्रयत्न प्रथम होतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलास पात्र ठरतात. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य वकील परिषदेकडे करावी. ही माहिती वेळीच मिळाल्यास वकिलाच्या खर्चापायी होणारी जमिनीची विक्री टळू शकेल.