एजंट कोणाचा, हे आधी विचारा

जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचरच्या बाजारात आपण एजंट, ब्रोकर, दलाल, आडत्या हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. गप्पांत ते चालते, पण पैसे मोजताना महागात पडते.

‘दलाल’ हा शब्द अरबी. वाट दाखवणे, हा त्याच्या मुळाचा अर्थ. ‘एजंट’ लॅटिनमधला, तिथे मूळ अर्थ करणे. म्हणजे दलाल माल दाखवतो, गाठ घालून देतो. एजंट मात्र मालकाच्या वतीने व्यवहार करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १८२ हेच सांगते. एजंटाने अधिकारात राहून केलेला सौदा मालकावर बंधनकारक असतो आणि मालकाने मागितला की एजंटाला हिशेब द्यावाच लागतो.

हा फरक मी पैसे घालवून शिकलो. कापडाच्या खरेदीत एका गृहस्थाला ‘कारखान्याचा एजंट’ समजून आगाऊ रक्कम दिली. माल आला नाही. कारखानदार म्हणाला, “हा आमचा माणूस नाही, दलाल आहे.” पावती पाहिली, तर त्यावर त्या गृहस्थाचेच नाव!

‘ट्रॅव्हल’ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हा शब्द कष्ट या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. नाणेघाट चढणाऱ्या बैलतांड्यांना हा अर्थ सांगावा लागला नसता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण लोक जकातीचा म्हणून दाखवतात. ‘जकात’ही मूळ अरबीच. ‘टॅरिफ’ म्हणजे दरपत्रक, तेही अरबी ‘तारीफ’वरून युरोपात गेले. उर्दू शाळेत व्याख्येला आम्ही तारीफच म्हणायचो. दर आधी स्पष्ट सांगणे, हीच धंद्याची खरी तारीफ.

आता आखाती नोकरीचे. ट्रॅव्हल एजंट तिकीट काढून देतो. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणारा तो रिक्रूटिंग एजंट. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने त्याला सरकारी नोंदणी सक्तीची केली. तिकिटाच्या दुकानाची पाटी पाहून मुलाच्या नोकरीसाठी दागिने मोडू नका.

व्यापारी बंधूंनो, पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. तुम्ही कोणाचे एजंट? लेखी अधिकारपत्र कुठे आहे? पावती कोणाच्या नावाने मिळेल? कमिशन कोण देणार? खरा एजंट या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याला सलाम करून पुढच्या दुकानात जावे.