कथेतील परक्या माणसाचा हिशेब

मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत सावकाराचे एक ठरीव चित्र पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. लाल कापडात बांधलेली चोपडी, नाकावर घसरलेला चष्मा, मोडकी मराठी आणि दुसऱ्याच्या अडचणीवर रोखलेली नजर, एवढ्या सामग्रीवर हे पात्र उभे केले जाते. निर्दय सावकार झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरातील कर्जरोखे जाळले, त्यामागे खरी होरपळ होती. व्यापारी घरांतील वाचक दुखावतो तो वाईट सावकार दाखवला म्हणून नव्हे. आपले आजोबा, आपला भाऊ आणि आपण स्वतः, सगळे त्या एकाच साच्यात ओतले जातात, म्हणून तो दुखावतो.

याच घरांतील अनेक तरुण-तरुणी आणि निवृत्त मंडळी आता कथा लिहू लागली आहेत. दिवाळी अंकांत आणि स्मरणिकांत त्यांच्या कथा छापून येतात. त्या कथांतील शेठ, सून आणि नातू जिवंत असतात. परंतु दुकानातील हमाल, घरी धुणीभांडी करणारी बाई, इमारतीचा रखवालदार, शेजारचा मुसलमान शिंपी यांना बहुधा नावही नसते. आपल्या वाट्याला आलेल्या साच्याचे दुःख जाणणाऱ्या लेखकाने दुसऱ्यासाठी साचा वापरावा, हे विसंगत आहे.

एका पत्राने झालेली दुरुस्ती

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. चार्ल्स डिकन्स यांची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. लहान मुलांना चोरी शिकवणारा फेगिन हा तिच्यातील खलपुरुष ज्यू आहे. निवेदनात त्याचा उल्लेख नावापेक्षाही ‘तो ज्यू’ असा वारंवार येतो. इतर बहुतेक गुन्हेगारांचा धर्म मात्र अशा रीतीने उच्चारला जात नाही.

पुढे १८६० मध्ये डिकन्स यांनी लंडनमधील आपले घर एका ज्यू कुटुंबाला विकले. त्या घरातील गृहिणी एलायझा डेव्हिस यांनी १८६३ मध्ये त्यांना पत्र लिहून फेगिनच्या चित्रणामुळे आपल्या समाजावर अन्याय झाल्याचे स्पष्टपणे कळवले. डिकन्स यांनी प्रथम स्वतःचे समर्थन केले. कादंबरीतील इतर दुष्ट माणसे ख्रिस्ती आहेत, असेही त्यांनी उत्तरात दाखवून दिले. पण पत्रातील बोच त्यांच्या मनात राहिली असावी. १८६७ च्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी ‘तो ज्यू’ हे शब्द पुष्कळ ठिकाणी काढून तेथे फेगिनचे नाव किंवा सर्वनाम घातले. जो भाग आधीच जुळवून झाला होता, तेथे जुने शब्द तसेच राहिले. त्यामुळे आजही कादंबरीच्या आरंभीच्या आणि अखेरच्या प्रकरणांत हा फरक दिसतो.

येथे फेगिन सुधारला नाही, त्याचा एकही अपराध कमी झाला नाही. बदलले ते एवढेच की अपराधाचे खाते एका समाजाच्या नावावरून त्या माणसाच्या नावावर वळते झाले. संपादनाची लेखणी किती लहान हालचालीत किती मोठे काम करू शकते, याचा हा नमुना आहे.

भरपाईची चूक

डिकन्स यांनी आणखी एक गोष्ट केली. १८६४-६५ मधील ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत त्यांनी रिया नावाचा एक सज्जन ज्यू वृद्ध आणला. खरा व्याजखाऊ ख्रिस्ती आहे. तो रियाला पुढे करून स्वतः पडद्याआड राहतो. हेतू उदात्त होता. पण रिया इतका सोशिक आणि निर्दोष आहे की अनेक समीक्षकांना तो निर्जीव वाटला.

हिशेबनीसांना ही चूक परिचयाची आहे. एका खात्यात रक्कम जास्त पडली आणि दुसऱ्या खात्यात तेवढीच उलट चूक झाली, तर तेरीज जुळते. प्रत्यक्षात दोन्ही खाती चुकलेली असतात. तिला भरपाईची चूक म्हणतात. कथेत दुष्ट सावकाराच्या जोडीला देवमाणूस सावकार, किंवा आळशी नोकराच्या जोडीला मालकासाठी प्राण देणारा नोकर आणला, तर बेरीज जुळल्यासारखी दिसते. माणूस मात्र दोन्ही खात्यांत नसतो. परक्या समाजातील पात्राला राग येऊ द्यावा, त्याला खोटे बोलू द्यावे, विनोद करू द्यावा आणि कधी शेठपेक्षा शहाणे ठरू द्यावे. दुर्गुणांची मोकळीक हाही सन्मानाचाच भाग आहे.

सोपाऱ्याचा व्यापारी

भारतीय कथापरंपरेत याची जाण फार जुनी आहे. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यातील एका बाजाराच्या वर्णनात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीतील शब्दांसह येतात आणि त्यांत मराठेही आहेत. तेथे प्रत्येक प्रदेशाच्या माणसांचे रूप आणि स्वभाव एकेका फटकाऱ्यात सांगितले आहेत. गर्दी रंगवण्यासाठी तेवढे पुरते.

त्याच ग्रंथात लोभदेव नावाचा व्यापारी आहे. तो तक्षशिलेकडून घोडे विकण्यासाठी सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला येतो. तेथील व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात प्रत्येक जण आपण कोणता माल कोठे नेला आणि बदल्यात काय आणले, ते सांगतो. लोभदेव भद्रश्रेष्ठीला भागीदार करून रत्नद्वीपाला जातो, भरपूर कमावतो आणि परतीच्या वाटेवर लोभाने भागीदाराला समुद्रात ढकलतो. लेखकाने व्यापाऱ्याला लोभी दाखवले खरे. पण त्याच्या शेजारी विश्वासाने भागीदारी करणारा भद्रश्रेष्ठीही व्यापारीच आहे आणि मेळाव्यातील बाकीचेही. म्हणून लोभ हा धंद्याचा ठरत नाही, त्या एका माणसाचा ठरतो. पुढे त्या माणसालाही पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवलेली आहे. गर्दीला एक ओळ चालते, पात्राला चरित्र लागते. नवोदित लेखकाने हा भेद कायम ध्यानात ठेवावा.

लिहिण्यापूर्वी

प्रत्येक दुय्यम पात्रासाठी, ते कथेत दोनच मिनिटे येणार असले तरी, तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. आज येथे येण्यापूर्वी त्याने काय केले? आज त्याला काय हवे आहे? मुख्य पात्राविषयी त्याचे मत काय आहे? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. हमालाच्या नजरेतून शेठ कसा दिसतो, हे लेखकाला कळले की हमालाच्या तोंडी आलेले एकच वाक्यही खरे वाटते.

बोलीचा वापर जपून करावा. प्रत्येक शब्द वाकडा लिहिल्याने पात्र अस्सल होत नाही, हास्यास्पद होते. एक-दोन शब्द, एखादी लकब आणि वाक्याची ठेवण पुरेशी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे पाहावे. एकच व्यापारी घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि ट्रकचालकाशी हिंदी बोलतो. तीन पिढ्या मराठी मुलखात वाढलेल्या माणसाच्या तोंडी मोडकी मराठी घालणारा लेखक ऐकत नसतो, ऐकीव तेवढे लिहीत असतो.

माहिती मिळवण्यातही आळस नसावा. अंध गिऱ्हाईक रंगवायचे असेल, तर तो करुणेचा विषय करण्याआधी तो नोट कशी ओळखतो, हे जाणून घ्यावे. नव्या मालिकेतील नोटांची लांबी मूल्यानुसार वेगळी असते. १०० रुपयांच्या नोटेच्या कडेला चार आणि ५०० रुपयांच्या नोटेच्या कडेला पाच उठावदार तिरप्या रेषा असतात. त्यांवरून बोट फिरवून चुकीची नोट परत करणारे गिऱ्हाईक दाखवले, तर त्याच्या डोळ्यांविषयी हळहळीचे एकही वाक्य लिहावे लागत नाही.

लिहून झाल्यावर

मौज आणि ‘सत्यकथा’ यांच्या परंपरेत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखिताविषयी लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत असत. असा संपादक आज प्रत्येकाला लाभत नाही, म्हणून ते काम लेखकाने स्वतः टप्प्याटप्प्याने करावे.

खर्डा किमान दोन आठवडे बाजूला ठेवावा. पहिल्या वाचनात केवळ घटनांचा क्रम तपासावा. शुद्धलेखनाला हात लावू नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पात्राचे संवाद वेगळ्या रंगाने अधोरेखित करावेत. कोण बोलतो, कोण फक्त हुकूम ऐकतो आणि कोणाला नावच नाही, हे लगेच दिसते. हिशेबात एखादा व्यवहार नोंदवायचाच राहिला, तर ती विसरचूक तेरजेत उघड होत नाही. कथेतही तसेच घडते. घटना जुळतात, शेवट जमतो आणि दुकानाच्या वह्या प्रत्यक्षात सांभाळणारी सून सबंध कथेत चहाचा ट्रे घेऊनच फिरत राहते.

तिसऱ्या वाचनात विशेषणांची झडती घ्यावी. जात, धर्म, वर्ण, शरीराचा बांधा यांचा उल्लेख जेथे आला असेल, तेथे हाच तपशील इतर पात्रांविषयीही दिला आहे का, असे विचारावे. दिला नसेल आणि कथेला त्याची गरजही नसेल, तर तो शब्द काढून पात्राचे नाव लिहावे. चौथे वाचन मोठ्याने करावे. खोटा संवाद कानाला आधी कळतो.

शेवटी, ज्या समाजातील पात्र रंगवले आहे त्या समाजातील एखाद्या परिचिताला कथा वाचायला द्यावी. ‘आवडली का?’ असे विचारल्यास सौजन्याचे उत्तर मिळते. ‘कोठे अडखळलात?’ असे विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. एका वाचकाचे मत हा सबंध समाजाचा निवाडा नव्हे, निर्णय लेखकाचाच असतो. मात्र तो आक्षेप समजून घेतल्यानंतरचा असावा. एलायझा डेव्हिस यांनी १८६७ मध्ये डिकन्स यांना हिब्रू-इंग्रजी बायबलची प्रत भेट दिली. तक्रार करणारी वाचक आणि ऐकून घेणारा लेखक यांच्यातील व्यवहार तेथे आपुलकीने पूर्ण झाला.