देणगी देतानाच किंमत बोला

नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने एका औषधमालिकेवरचा आपला रॉयल्टीचा हक्क विकला. त्यातून तिला 330 कोटी डॉलर मिळाले. ही औषधे शोधण्यासाठी तिने व्हर्टेक्स कंपनीला दिलेले होते साधारण 15 कोटी. आजारी मुलांच्या आईवडिलांनी 1955 मध्ये उभी केलेली ही संस्था. तिच्या यशाचे कौतुक झाले आणि दुर्मीळ आनुवंशिक आजारांसाठी धडपडणाऱ्या अनेक संस्थांनी तिचाच कित्ता गिरवायला घेतला. कित्ता मोलाचा आहे, पण त्यात एक कलम राहून गेले. तयार होणारे औषध किती रुपयांना आणि कोणाकोणाला मिळेल, हे देणगीचा पैसा संशोधनाला देतानाच करारात ठरले पाहिजे. औषध बाजारात आल्यावर ते ठरवायला फार उशीर झालेला असतो.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सातव्या गुणसूत्रावरचे एक जनुक बिघडलेले असते. त्यामुळे पेशींमधून क्षार आणि पाणी नीट ये-जा करत नाहीत, फुप्फुसांत घट्ट चिकट कफ साचतो, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत. 1950 च्या दशकात अशी मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच जगत. 1989 मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी ते जनुक शोधून काढले, तरी औषध दूरच राहिले. अमेरिकेतले रुग्ण तीस हजारांच्या आसपास, आणि तेवढ्यांसाठी मोठ्या कंपन्या पैसा ओतायला तयार नव्हत्या. शिवाय बिघडलेले प्रथिन कामाला लावणारा एखादा रेणू सापडू शकेल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. अशा वेळी, 2000 साली, संस्थेने ऑरोरा बायोसायन्सेस या लहानशा कंपनीला सुमारे 4 कोटी डॉलर देऊ केले. असंख्य संयुगे यंत्रांच्या मदतीने पेशींवर तपासायची आणि कशाने फरक पडतो ते पाहायचे, असे ते काम होते. पुढच्याच वर्षी व्हर्टेक्सने ऑरोरा विकत घेतली आणि शोध चालू राहिला. जानेवारी 2012 मध्ये कॅलिडेको मंजूर झाले. ते लागू पडत होते जेमतेम 4 टक्के रुग्णांना. ऑक्टोबर 2019 मध्ये ट्रायकाफ्टा आले आणि सुमारे 90 टक्के रुग्णांना आधार मिळाला. फुप्फुस प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या अनेकांना आता त्याची गरज उरलेली नाही. देणगीच्या पैशाने आधुनिक वैद्यकात घडवलेल्या सर्वांत मोठ्या बदलांपैकी हा एक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणूनच पुढचा भाग अधिक खुपतो. कॅलिडेकोची वर्षाची किंमत ठेवली गेली सुमारे 3 लाख डॉलर, ट्रायकाफ्टाची त्याहून थोडी जास्त, आणि ही औषधे आयुष्यभर घ्यायची आहेत. ट्रायकाफ्टा वर्षाला सुमारे 5,700 डॉलरमध्ये तयार होऊ शकते, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. इंग्लंडमध्ये व्हर्टेक्सच्याच ऑरकॅम्बी या औषधावरून सरकारी आरोग्यसेवा आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे घासाघीस चालली. त्या काळात काही पालकांनी अर्जेंटिनातून जेनेरिक औषध मागवण्यासाठी मंडळ काढले. 2023 मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांना व कुटुंबांना सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना औषध बनवू देण्यासाठी, कायद्याचे दार ठोठावावे लागले. किंमत ठरवण्यात आपला हात नाही, असे फाउंडेशन सांगत आले. ते खरेच आहे, आणि तीच उणीव आहे. रॉयल्टी विक्रीच्या रकमेवर मिळते. म्हणजे औषध जितके महाग, तितका रुग्णांसाठी काढलेल्या संस्थेचा वाटा मोठा. संस्थेचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी करारानेच तिचे हित रुग्णाच्या हिताच्या विरुद्ध बाजूला नेऊन ठेवले होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की किमतीची अट घातली तर कोणतीही कंपनी फिरकणार नाही. पण ज्या वेळी कोणीच धोका पत्करायला तयार नसते, त्या वेळी पैसे देणाऱ्याचा शब्द सर्वांत वजनदार असतो. फाउंडेशनने रॉयल्टी मागितली, ती कंपनीने मान्य केलीच. किंमत आधी ठरवून औषध बनवल्याचे उदाहरण तर पुण्यातच आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची लस बनवण्यासाठी 2001 मध्ये गेट्स फाउंडेशनच्या 7 कोटी डॉलरवर पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रकल्प सुरू केला. एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी, ही मर्यादा मान्य करून सीरम इन्स्टिट्यूटने लस बनवली आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. कोट्यवधी मात्रांची लस वेगळी आणि मूठभर रुग्णांचे औषध वेगळे, हे मला मान्य आहे. दुर्मीळ आजाराचे औषध इतके स्वस्त होणार नाही. पण उत्पादनखर्च आणि वाजवी नफा धरून किमतीला मर्यादा घालता येते, आणि कंपनी ज्या देशांत औषध विकायला जाणारच नाही तिथे इतरांना ते बनवू देण्याचे कलम लिहिता येते. त्यात कंपनीच्या हातचा बाजार जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला सहज उत्तर नाही. ट्रायकाफ्टा लागू न पडणाऱ्या दहा टक्के रुग्णांपैकी अनेकांच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही. त्यांच्यासाठी जनुकोपचारासारखे नवे मार्ग शोधायला हवेत, आणि 330 कोटी डॉलर नसते तर तो पैसा आला असता कुठून? हे खरे आहे. तरीही एका गटाच्या औषधाच्या जबर किमतीतून दुसऱ्या गटाचे संशोधन चालवायचे, तर त्याचा भार विमा, सरकारी तिजोरी आणि गरीब देशांतले औषधाविना राहिलेले रुग्ण उचलतात. त्या निर्णयात या रुग्णांना कोणी विचारलेले नसते. थोडी कमी रॉयल्टी आणि किमतीला मर्यादा, एवढा सौदा करता आला असता.

किमतीइतकाच मालकीचाही प्रश्न आहे. इटलीच्या फोंदाझिओने टेलेथॉनच्या पैशातून एडीए-स्किड या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारावर जनुकोपचार तयार झाला आणि 2016 मध्ये युरोपात मंजूर झाला. रुग्ण अगदीच थोडे. औषध आधी एका कंपनीकडे, मग दुसरीकडे गेले, आणि दुसरीनेही ते सोडले. 2023 मध्ये त्या धर्मादाय संस्थेनेच ते आपल्याकडे घेतले.

हे सगळे आपल्यापासून दूरचे नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी (एसएमए) झालेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात 16 कोटींच्या इंजेक्शनकरिता लोकांनी वर्गण्या दिल्या. त्या औषधामागचे काही पायाभूत काम फ्रान्सच्या जेनेथॉन प्रयोगशाळेत, तिथल्या सामान्य लोकांच्या देणग्यांवर झाले होते. म्हणजे देणगी संशोधनालाही आणि खरेदीलाही. दुर्मीळ आजारांसाठीच्या केंद्राच्या 2021 च्या धोरणात एका रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदत आहे आणि मुंबईचे केईएम हे त्यातले एक उत्कृष्टता केंद्र आहे, पण आयुष्यभराच्या औषधाला ही रक्कम किती पुरणार? एसएमएवरच्याच रिस्डिप्लाम या औषधाचे सुरुवातीचे संशोधन न्यूयॉर्कच्या एसएमए फाउंडेशनने 2006 पासून पोसले. भारतात त्याची बाटली सुमारे 6 लाखांना होती. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनी रोशची जेनेरिक रोखू पाहणारी याचिका फेटाळल्यावर नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध 15,900 रुपयांना आणले. भारतातले न्यास आणि कंपन्यांचे सीएसआर निधी आता अशा संशोधनाकडे वळत आहेत. त्यांच्या कराराच्या पहिल्या मसुद्यातच किमतीची मर्यादा असावी, आणि कंपनीने औषध सोडले किंवा एखाद्या देशात आणलेच नाही तर हक्क परत येण्याची तरतूदही असावी. सही होईपर्यंतच त्यांच्या शब्दाला वजन आहे.