एमआरआय नाही, मग दुखण्याचं निदान कसं?

आजोबांचा खांदा दोन महिन्यांपासून दुखतोय. हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टर म्हणतात, "पेसमेकर आहे, एमआरआय अवघड आहे." घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. आता कळणार कसं?

एमआरआय म्हणजे प्रचंड लोहचुंबक, १.५ टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. म्हणून काळजी हवीच. पण धातू म्हणजे सरसकट बंदी नव्हे. टायटॅनियमची पट्टी किंवा बदललेला गुडघा असला तरी बहुधा एमआरआय करता येतो, फक्त धातूजवळचं चित्र बिघडतं. खरी अडचण जुना पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप यांची. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, पण आपला कोणता, ते कार्डावरच कळतं.

इथेच गाडी अडते. सुरतेतल्या आपल्या कितीतरी घरांची मुळं खानदेशात. ऑपरेशन धुळ्याला झालेलं, फाईल गावच्या पेटीत! ती मागवा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

एमआरआय नसेल तर खांद्याचे स्नायूबंध, टाच, कोपर यांसाठी सोनोग्राफी उत्तम. हात हलवत असतानाच फाटलेला किंवा सुजलेला भाग दिसतो. मात्र तपासणारा अनुभवी हवा, आणि सांध्याच्या आत खोलवरचं तिला दिसत नाही. तिथे सांध्यात औषध सोडून सीटी स्कॅन करतात. कधी दुखऱ्या जागी भूल देणारं इंजेक्शन देतात. दुखणं थांबलं तर मूळ तिथेच. मधुमेह्यांचा आखडलेला खांदा तर बहुतेक वेळा हाताने तपासूनच ओळखता येतो.

आणि हे तुमचं, मुलांचं काम. डॉक्टर गुजरातीत विचारतात, आजोबा अहिराणीत सांगतात. ठणका, चमक, जळजळ, मुंग्या यांतलं नेमकं काय, ते तुम्हीच पोचवा. नुसतं "दुखावो छे" म्हणून भागत नाही. मुंग्या म्हटलं की डॉक्टर मानेतली नस तपासतात, खांदा नव्हे.

खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर मात्र तडक रुग्णालय गाठा. इम्प्लांटजवळ लाली, सूज आणि ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवा.

बाकी यंत्र नसलं तरी निदान अडत नाही. कागद आणि नीट सांगणारं माणूस सोबत हवं.