वाक्य, उच्चार आणि डेटाबेसची क्वेरी

शब्दार्थाचा निर्णय कसा करावा हे सांगताना आपल्या शास्त्रकारांनी एक उदाहरण वारंवार योजिले आहे. 'सैंधव आण' असे कोणी म्हटले, तर मीठ आणावयाचे की घोडा, हे त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. वक्ता भोजनास बसला असेल तर मीठ, प्रवासास निघाला असेल तर घोडा. निर्णय प्रकरणावरून करावयाचा. डेटाबेसकडे येणाऱ्या क्वेरीविषयीही असेच काहीसे घडते. डेटाबेसला क्वेरीचा अर्थ बिनचूक कळतो. कळत नाही ते तिचे प्रकरण. ती कोणाच्या कोणत्या कामासाठी आली, तिच्या आधी काय झाले, याची त्यास गंधवार्ता नसते. ही उणीव कशी भरून काढतात आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. भाषासंग्रह आणि कोश आता डेटाबेसमध्येच ठेवले जात असल्यामुळे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १९०६ साली 'टाइप' आणि 'टोकन' या संज्ञा रूढ केल्या. एका पानावर 'आणि' हा शब्द वीस वेळा आला, तर टोकने वीस, टाइप मात्र एक. पोस्टग्रेस या डेटाबेससमवेत मिळणारे पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे साधन टाइपांची नोंद ठेवते. क्वेरीतील विशिष्ट मूल्ये बाजूस सारून ते तिचा साचा ओळखते आणि तो साचा किती वेळा चालला, एकूण किती वेळ लागला, एवढे सांगते. याउलट ट्रेस, म्हणजे विनंतीचा माग, हा टोकनांचा इतिहास होय. वापरणाऱ्याने एक कळ दाबल्यापासून उत्तर मिळेपर्यंत जी जी कामे झाली, त्यांतील प्रत्येकाचा आरंभ, कालावधी आणि जनक त्यात नोंदलेला असतो. अशा प्रत्येक नोंदीस स्पॅन म्हणतात. एका साक्षीदारास वाक्य ठाऊक आहे, दुसऱ्यास उच्चार. दोघांची गाठ पडल्याखेरीज निवाडा होत नाही.

समजा, एका भाषासंग्रहाच्या शोधपृष्ठावर २०० उतारे दाखवावयाचे आहेत. कार्यक्रम प्रथम उताऱ्यांची यादी मागवितो आणि मग प्रत्येक उताऱ्याच्या लेखकाचे नाव स्वतंत्र क्वेरीने विचारतो. अशा प्रत्येक क्वेरीस १० मिलिसेकंद लागले, तर एकंदर २ सेकंद होतात. मंद क्वेरींच्या लॉगची मर्यादा १०० मिलिसेकंदांची असेल, तर त्यात यांपैकी एकही क्वेरी येणार नाही. डेटाबेस सांभाळणारा म्हणेल की आमच्याकडे काहीही मंद नाही. कार्यक्रम लिहिणारा म्हणेल की माझा सारा वेळ डेटाबेसमध्येच जातो. दोघेही खरे बोलत असतात. या वादाचे पर्यवसान पुष्कळदा अधिक मोठे यंत्र विकत घेण्यात होते, आणि मूळ दोष तसाच राहतो. एकाच विनंतीच्या पोटात तीच क्वेरी २०० वेळा आली, हे केवळ ट्रेसवरून दिसते. आणि दोष डेटाबेसच्या गतीत नसून विचारण्याच्या पद्धतीत आहे, हे उघड होते.

ही गाठ घालावयाची कशी? गूगलने २०१० साली डॅपर या आपल्या मागप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री निर्माण झाली. विनंतीची ओळख एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कोणत्या रूपात न्यावी, याचा ट्रेसपॅरेंट नावाचा संकेत डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०२० साली शिफारस म्हणून मान्य केला. त्यात आवृत्तीचे २, ट्रेसचे ३२, जनक स्पॅनचे १६ आणि खुणेचे २ असे षोडशमान अंक असतात. एसक्यूएल-कॉमेंटर ही पद्धती हाच संकेत क्वेरीच्या शेवटी टिप्पणीच्या रूपाने जोडते. टिप्पणीमुळे क्वेरीचा अर्थ बदलत नाही. परंतु मंद क्वेरींच्या लॉगमध्ये मजकूर उतरतो तेव्हा ती त्याच्यासमवेत येते. ऑटो-एक्सप्लेन हे साधन चालू असेल, तर त्या विशिष्ट वेळी डेटाबेसने कोणता मार्ग अवलंबिला, हेही त्याच ओळखीखाली सापडते.

तथापि उच्चाराची खूण वाक्याच्या अंगावर लिहिली की काही अडचणी ओढवतात. पहिली अशी की, ट्रेसचा क्रमांक दर वेळी निराळा असल्यामुळे मजकूरही दर वेळी निराळा होतो. पूर्वी तयार करून ठेवलेली क्वेरी पुन्हा वापरण्याचा लाभ त्यामुळे बुडतो. ओरॅकलमध्ये मजकूर बदलला की क्वेरी नवी समजली जाते आणि तिचे पृथक्करण पुन्हा करावे लागते. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स टिप्पणी न मोजता साचा ओळखते, पण नमुना म्हणून पहिल्या वेळचा मजकूर दाखविते. त्यात दिसणारा क्रमांक त्या एका उच्चाराचा असतो. तो साऱ्या साच्याचा मानल्यास निष्कर्ष चुकलाच म्हणावयाचा. तिसरी गोष्ट, चालू क्वेरींच्या यादीत पोस्टग्रेस मुळातील नेमणुकीप्रमाणे १०२४ बाइट एवढाच मजकूर राखते. लांब क्वेरीच्या शेवटची टिप्पणी तेथे छाटली जाते. चौथी, सर्वच ट्रेस साठविले जात नाहीत. डॅपरच्या पहिल्या प्रत्यक्ष वापरात सरासरीने १०२४ विनंत्यांमागे एकच ट्रेस राखला जाई. तेव्हा क्रमांक हाती आला, तरी त्यामागचा ट्रेस असेलच असे नाही.

यावरून व्यवहाराचा नियम सांगता येतो. पृष्ठाचे अथवा कृतीचे नाव यांसारख्या स्थिर खुणा प्रत्येक क्वेरीस जोडाव्यात. त्यांची संख्या मोजकी असल्याने मजकुराची रूपेही मोजकीच राहतात. ट्रेसचा बदलता क्रमांक मात्र ज्या विनंत्या साठविण्यासाठी निवडल्या, त्यांच्याच क्वेरींस जोडावा. ही निवड ट्रेसपॅरेंटच्या शेवटच्या दोन अंकांवरून कळते. आणि क्वेरीतील प्रत्यक्ष मूल्ये ट्रेसमध्ये उतरवू नयेत. मुलाखत देणाऱ्या भाषकाचे नाव डेटाबेसमध्ये सुरक्षित ठेवावे आणि तेच मागाच्या नोंदीत सर्वांना वाचावयास मिळावे, हे योग्य नव्हे.

प्रकरण जाणल्यावाचून वाक्याचा निवाडा करू नये, ही शिकवण भाषाशास्त्रास नवी नाही. मंद चालणाऱ्या यंत्रणेस दोष देण्यापूर्वी तिला विचारलेला प्रश्न कोणी, कोणत्या प्रसंगी आणि किती वेळा विचारला, हे आधी पाहावे. पुष्कळदा उत्तर देणाऱ्यापेक्षा विचारणाराच सुधारावा लागतो.