कंपवाताच्या गोळ्या : थांबवण्यापूर्वी थोडे थांबा

एका आजोबांना संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात लहान मुले बसलेली दिसू लागली. गोळ्या डोक्यात चढल्या, असे समजून घरच्यांनी कंपवाताची सारी औषधे बंद केली. चौथ्या दिवशी मला बोलावणे आले, तेव्हा त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले होते, ताप चढला होता आणि पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. रुग्णालयात नळीवाटे औषध पुन्हा सुरू झाले, तेव्हा कुठे ते सावरले. वाचकहो, दुष्परिणाम खरे असतात; पण औषध एकाएकी थांबवणे हा त्यांवरील उपाय नव्हे.

कंपवातात मेंदूतील डोपामिन घटते. लेव्होडोपा मेंदूत पोहोचले की त्याचे डोपामिन बनते. सोबतचे कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्ची पडू देत नाही. सुरुवातीस मळमळल्यास गोळीबरोबर एखादे साधे बिस्कीट द्यावे. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड मात्र आपल्या मनाने देऊ नये. ते डोपामिनचे कार्य अडवून ताठरपणा वाढवते.

गोळी लागू पडेनाशी झाली, तर आधी जेवणाची वेळ पाहावी. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी. प्रथिने मात्र सोडू नयेत. उठताना भोवळ येत असल्यास आडवे असताना व उभे राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा.

काही वर्षांनी दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत अंग जखडते किंवा हातपाय आपोआप हलू लागतात. अशा वेळी तज्ज्ञ मात्रा लहान करून अधिक वेळा देतात, जोडीला एन्टाकॅपोन किंवा अमँटाडीन देतात. निवडक रुग्णांना मेंदूतील शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल यांनी दिवसा झोप येते, पाय सुजतात. क्वचित जुगार, अवाजवी खरेदी वा खादाडपणा सुरू होतो. तो स्वभावदोष समजून रुग्णावर रागावू नका. संकोच न करता डॉक्टरांना सांगा. ट्रायहेक्सिफेनिडिलने वृद्धांना भास, विस्मरण, बद्धकोष्ठता होऊ शकते. त्या आजोबांच्या भासांचे मूळ याच गोळीत होते. ती हळूहळू कमी केली आणि कोपऱ्यातली मुले दिसेनाशी झाली. लेव्होडोपा चालूच राहिले.

खाजकुयलीच्या बिया, म्हणजे कवचबीज, हा निर्धोक पर्याय मानला जातो. पण त्या बियांतही लेव्होडोपाच असते. गोळ्यांच्या जोडीला ते चूर्ण घेतल्यास मात्रा नकळत वाढते. घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

उद्यापासून एक वही ठेवा. गोळीची, जेवणाची आणि त्रासाची वेळ तीत लिहा, आणि पुढील तपासणीला ती वही व सर्व औषधांची पाकिटे सोबत न्या. कोणती गोळी कमी करायची, कोणती बदलायची, हे त्यावरूनच ठरवता येते.